तात्यांचा पॉज

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या मोंढ्यातले ज्येष्ठ व्यापारी आदरणीय राधेश्यामजी शेठ; ज्यांना सगळा महाराष्ट्र टीव्हीवर बघतो आणि आपण मात्र रोज सकाळी टपरीवर चहा पिताना बघतो, ते आजचे सत्कारमूर्ती आणि माझे गुरू मुनीर सर; पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या मातोश्री अकबरबी आजी; वर खुर्ची ठेवलेली असूनही 'मी खालीच बरा' म्हणून आजींच्या शेजारी जाऊन बसलेले आपल्या सगळ्यांचे तातेराव तात्या; जालन्याहून आणि संभाजीनगरहून आलेले पाहुणे कलाकार, आणि मंठ्यातल्या व आसपासच्या गावांतल्या माझ्या रसिक बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार आणि आदाब.

माझी शाळा इंग्लिश मिडियमची. त्यामुळे 'सत्कारमूर्ती' हा शब्द मी काल दिवसभर प्रॅक्टिस केलाय. बरोबर आला ना? थँक्यू.

माझं नाव अर्पिता. मी संभाजीनगरला कॉलेज करते आणि तिथल्या एका कॅफेत स्टँड-अप करते. स्टँड-अप म्हणजे, आजी, उभं राहून बोलायचं आणि लोकांनी हसायचं. ते हसले नाहीत तरी उभंच राहायचं. हे मी सरांकडून शिकले. गेली दोन वर्षं सर दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्हा पाच-सहा जणांना शिकवतायत. आणि उद्या ते परत मुंबईला चालले, नवीन कार्यक्रमासाठी. म्हणून हा सत्कार पण आहे आणि निरोप पण आहे. कमिटीनं विचारलं, सरांच्या करिअरवर कोण बोलणार? मी हात वर केला. बाकी कोणी केलाच नाही, म्हणून मी इथे आहे.

माझे पप्पा, रामकिसनराव, मागे दाराजवळ उभे आहेत. पप्पा, भाषणात तुमचं पण नाव येणार आहे. बाहेर जाऊ नका.

आता मला सांगा, गेल्या दोन वर्षांत तुम्ही सगळ्यांनी एक प्रश्न एकमेकांना विचारलाय की नाही? एवढा चाललेला कार्यक्रम, दर आठवड्याला टाळ्या, आणि मुनीर सर मधेच सोडून घरी का आले? कोणी म्हटलं भांडण झालं. कोणी म्हटलं हवा डोक्यात गेली. माझ्या मावशीनं तर सांगितलं की घशाचं ऑपरेशन झालंय, आणि तेव्हा सर आमच्याच अंगणात बसून मोठ्यानं बोलत होते.

सर मला म्हणाले, "ते सोडून बाकी सगळं बोल." तात्या म्हणाले, "तेच बोल." मी तात्यांचं ऐकलं. सॉरी सर.

बाहेरगावचे पाहुणे आहेत म्हणून थोडं समजावून सांगते. आपल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शेतकरी माल आणून ढीग घालतो. सोयाबीन, तूर, हरभरा. व्यापारी एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर जातात आणि हर्राशी होते, म्हणजे लिलाव. तो पुकारणारा माणूस म्हणजे तातेराव तात्या. व्यापारी बोली लावतात. तात्या म्हणतात, येकवार. मग म्हणतात, दोनवार. आणि मग 'तीनवार, दिलाऽऽ' म्हणायच्या आधी तात्या थांबतात. ज्याचा ढीग आहे त्या शेतकऱ्याकडे वळतात आणि निवांत विचारतात, "काय म्हन्ते तुही म्हैस? व्याली का?" किंवा, "पोरीचं जमलं का रे?" किंवा, "गुडघा कसाय आता?"

बाहेरच्या माणसाला वाटेल, हे काय, लिलाव चालू आहे आणि हे म्हशीची चौकशी करून राह्यले! पण त्या वेळात काय होतं? व्यापाऱ्याच्या मनात चलबिचल होते. माल चांगलाय, सोडू का? अजून थोडं वाढवू का? आणि म्हैस व्याली की नाही हे कळेपर्यंत कोणीतरी बोली वाढवतंच. आम्ही स्टँड-अपवाले ज्याला पॉज म्हणतो, तो हाच. मी इंटरनेटवर पॉजवरचे किती व्हिडिओ बघितले असतील! आणि तो आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर रोज सकाळी फुकट चालू होता.

मुनीर सरांच्या वडिलांचं मोंढ्याच्या कडेला बारदान्याचं दुकान होतं. जुन्या गोण्या शिवायच्या आणि विकायच्या. सर विशीत होते तेव्हा गोण्यांच्या थप्पीवर बसून हमालांना आवाज काढून दाखवायचे. कंडक्टरचा, हेडमास्तरांचा, आणि सगळ्यात भारी तात्यांचा. एक दिवस एका ढिगावर बोली चालू होती. तात्यांना ठसका लागला म्हणून ते पाणी प्यायला बाजूला गेले. त्याआधी राधेश्यामजींनी एक बोली टाकली होती. शेठजी, मी सांगू ना? तुमचीच परवानगी आहे. तर शेठजींना तो माल घ्यायचाच नव्हता. दुसऱ्या व्यापाऱ्याला वर चढवायला म्हणून त्यांनी जरा जास्तीची बोली टाकली होती. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "येकवार, दोनवार… काय म्हन्ते तुही म्हैस… तीनवार, दिलाऽऽ!"

हमालांनी माल गोण्यांत भरायला घेतला. शेठजी ओरडले. तात्या मिशा पुसत परत आले. मोंढ्याचा रिवाज असा की एकदा 'दिला' म्हटलं की माघार नाही. न घेणाऱ्याला, न देणाऱ्याला.

शेठजी म्हणाले, "तात्या, अहो तुम्ही तर तिकडं पाणी पिऊन राह्यले होते!"

तात्यांनी विचारलं, "पुकारल्याचा आवाज कोनाचा आला?"

"तुमचाच आला की."

"मंग माल तुमचाच."

अध्यक्ष महाराज हसतायत. तेव्हा हसले नव्हते, असं मी ऐकलंय.

सर थप्पीच्या मागे लपले होते. त्यांना वाटलं आता मार बसणार. तात्या तिथे गेले आणि म्हणाले, "इथं बसून हमालाला कशाला ऐकवतो? गनपतीत माईकवर कर. माझा आवाज हाय, बारीक नको काढू." सरांचा पहिला स्टेज शो त्या वर्षीच्या गणपतीत झाला. मंडळाला सरांचं नाव तात्यांनीच सुचवलं होतं.

मग पुढचं तुम्हाला माहितीय. गणपती, उरूस, लग्नं, जांब समर्थच्या यात्रेतलं स्टेज. ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधे गायक घाम पुसेपर्यंत हसवायचं काम सरांनी किती वर्षं केलं! जाफराबादला एकदा लाईट गेली. माईक बंद. सरांनी अंधारात जनरेटर सुरू होतानाचा आवाज काढला आणि लोकांना खरंच वाटलं की लाईट येतेय. ऑर्केस्ट्राच्या मालकानं पण वर बघितलं म्हणे.

मग टीव्हीची ऑडिशन. मुंबईला. तिथे सगळी पोरं तेच करत होती, मोठमोठ्या हिरोंचे आवाज, पुढाऱ्यांचे आवाज. सरांनी पण केले. समोरच्या बाई म्हणाल्या, "हे छान आहे, पण हे सगळ्यांकडे आहे. तुमच्याकडे दुसरं काय आहे?" सर थांबले. आणि त्यांनी तात्या काढले.

मी तेव्हा शाळेत होते. मला आठवतंय, आमच्या वर्गात मराठी बोललं की रिमार्क मिळायचा, आणि तरी सगळी पोरं मधल्या सुट्टीत 'काय म्हन्ते तुही म्हैस' करत होती. फोनची रिंगटोन होती. हळदीला डीजेवर वाजायचं. टीव्हीवर सरांनी ते अजून वाढवलं होतं. म्हैस, जावई, गुडघा, मोटारीचं पाणी, चौकशी संपतच नाही आणि लिलाव राहूनच जातो. महाराष्ट्र हसला. मी पण खूप हसले. खरं सांगू? अजून पण तो व्हिडिओ लागला की हसते. आयटम भारीच आहे.

पण इकडे मोंढ्यात काय झालं?

तात्या 'दोनवार' म्हणून थांबले की मागून कोणीतरी ओरडायचं, "म्हशीचं विचारा की!" सगळा मोंढा हसायचा. व्यापारी हसायचे, हमाल हसायचे. पोरं मोबाईल घेऊन उभी राहायची. तात्या बिचारे खरंच कोणाच्या आजारी बायकोची चौकशी करायचे आणि लोक पोट धरून हसायचे. हसण्याच्या गोंधळात बोली कोण वाढवणार? मग तात्यांनी थांबणं सोडलं. येकवार-दोनवार-तीनवार-दिला, एका दमात. रुक्ष. पुढच्या ढिगाकडे.

आता पप्पा. आमच्या घरच्या सोयाबीनचा ढीग होता त्या दिवशी. आपल्याच ढिगावर तात्या आले आणि माझे पप्पा स्वतः ओरडले, "तात्या, म्हशीचं विचारा की!" तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं पण नाही. एका दमात दिला. पप्पा घरी आले आणि मम्मीला म्हणाले, "यंदा भाव पडला." भाव पडला नव्हता पप्पा. तुम्ही पाडला.

हसतायत. म्हणजे घरी जाता येईल मला.

काही दिवसांनी तात्यांनी मोंढ्यात येणंच बंद केलं. त्यांच्या जागी दुसरे पुकारायला लागले. कोणाला विशेष वाटलं नाही. सगळ्यांना वाटलं, वय झालं असेल.

सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. शूटिंग, शो, परत शूटिंग. रमजान ईदला घरी आले. शिरखुर्मा पिता पिता अकबरबी आजी एवढंच म्हणाल्या, "बेटा, तेरे तात्या मोंढे में नै आते अब. लोगां हँसते बोलके घर में बैठ गये." आजी, बरोबर म्हटलं ना मी? आजी म्हणतायत, बराबर.

सर शिरखुर्म्याचा डबा घेऊन तात्यांच्या घरी गेले. त्यांना वाटलं तात्या शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं, असं सर म्हणतात. तात्यांनी डबा घेतला, मिसेसना, तुळजाबाई काकूंना, चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "तू चांगलं करतो रे. म्या पन हसलो टीव्हीपुढं. फकस्त मोंढ्यात मला आता मधी थांबता येत न्हाई. अन् न थांबता पुकारायचं आसल तर ते कोनी बी पुकारीन, म्या कशाला पायजे?"

बस. एवढंच बोलले. मग विचारलं, "तुही अम्मी कशीय?"

सर मुंबईला परत गेले आणि त्यांनी सांगितलं, मी तात्या करणार नाही. फायनल जवळ आली होती. चॅनेलवाले म्हणाले, फायनलला तर तेच पाहिजे. सर म्हणाले, दुसरं काही पण सांगा. त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. सर बॅग घेऊन घरी आले. भांडण नाही, हवा नाही, ऑपरेशन नाही. मावशी, ऐकलं ना?

पण आयटम बंद केला म्हणून लोक हसायचे थांबतात का? व्हिडिओ तर मोबाईलमध्ये आहेच. सर तात्यांना म्हणाले, "तात्या, तुम्ही मोंढ्यात या. मी शेजारी उभा राहतो." तात्या म्हणाले, "तू उभा राह्यला तर आजून हसतीन." सर म्हणाले, "हसू द्या. थोडे दिवस."

हे मी तुम्हाला सांगते कारण हा माझ्या दृष्टीनं सरांच्या करिअरमधला सगळ्यात अवघड शो आहे. सर आम्हाला शिकवतात की माणूस एकटा हसत नाही. हसायच्या आधी तो इकडे-तिकडे बघतो, दुसरा हसतोय का. खास करून ज्यानं जोक केला त्याच्या तोंडाकडे बघतो. आणि जोक विझवायचा असेल तर त्याच्यावर चिडायचं नाही. तो रोज, त्याच जागी, उन्हात उभा करायचा आणि स्वतः हसायचं नाही. जगातला प्रत्येक कॉमेडियन या गोष्टीला घाबरतो. सरांनी ती मुद्दाम केली. स्वतःच्या सगळ्यात चांगल्या जोकबरोबर केली.

पहिल्या दिवशी मोंढ्यात हर्राशीपेक्षा सेल्फीवाले जास्त होते. तात्या म्हणाले, दोनवार. थांबले. मागून आलं, "म्हशीचं विचारा!" सगळ्यांनी सरांच्या तोंडाकडे बघितलं. सर तुरीच्या ढिगाकडे बघत होते, जसं काही त्यांना तूर घ्यायचीय. लोक तरी हसलेच. दुसऱ्या दिवशी पण हसले. सर रोज यायचे, तात्यांच्या उजव्या हाताला उभे राहायचे. कोणी म्हटलं, "सर, एकदा करा ना," तर म्हणायचे, "हर्राशी होऊ द्या." हर्राशी झाली की घरी. हळूहळू मोबाईल खिशात गेले. टीव्हीतला माणूस रोज दिसायला लागला की तो पण आपल्यासारखाच दिसतो. ओरडणारा ओरडायचा आणि त्याचं त्यालाच कसंतरी वाटायचं.

आणि मग एक दिवस, मी तिथे होते, सुट्टीला आले होते, कोणीतरी नवीन पोरगं मागून ओरडलं, "तात्या, म्हशीचं!" आणि एक शेतकरी वळून त्याच्या अंगावर गेला, "गप रे! भाव चढून राह्यला, दिसत न्हाई का?"

ते शेतकरी म्हणजे आमचे पप्पा. ढीग आमचा नव्हता. तरी.

मी सरांकडे बघितलं. ते तसेच उभे होते. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. पण विचार करा ना, ज्या आयटमनं त्यांना घर दिलं, नाव दिलं, तो त्यांच्या डोळ्यांसमोर विझला होता आणि त्यांनी तो रोज सकाळी येऊन विझवला होता.

परवाच्या दिवाळी पाडव्याला मुहूर्ताची हर्राशी झाली. नारळ फुटला, हार झाले, पहिला ढीग. पहिली बोली अर्थातच आपल्या अध्यक्षांची. तात्या म्हणाले, येकवार. दोनवार. आणि थांबले. मस्त थांबले, पहिल्यासारखे. कोणी काही बोललं नाही. तात्यांनी शेतकऱ्याकडे बघितलं, व्यापाऱ्यांकडे बघितलं, आणि मग त्यांची नजर शेजारी सरांवर गेली. सर सवयीनं तोंड गंभीर करून उभे होते.

तात्या म्हणाले, "मुनीर, आसं तोंड करून काहून उभा राह्यलास रे? म्या हर्राशी करून राह्यलो, मयत न्हाई झालो!"

आणि तात्या स्वतःच हसायला लागले. इतके हसले की पुकारायचं थांबलं. सर हसले. सगळा मोंढा हसला. आणि त्या हसण्यात राधेश्यामजींनी अजून एक बोली वाढवली. का वाढवली, हे त्यांना पण सांगता येत नाही.

हर्राशी झाल्यावर तात्या सरांना म्हणाले, "आता घेऊन जा तुही नक्कल. माझी हरकत न्हाई. कर तिकडं." सर म्हणाले, "न्हाई तात्या. तुम्ही पुकारताय तोवर न्हाई."

मी चिडले. खरंच चिडले. नवीन कार्यक्रमवाल्यांनी सरांना पूर्ण एपिसोड द्यायचं म्हटलं होतं, तात्यांचा आयटम धरून. सरांनी नाही म्हटल्यावर ते आता आठवड्याला एक छोटी जागा देतायत, तीसुद्धा बघू कसं चालतं म्हणून. मी रविवारी क्लासमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, तात्यांनी स्वतः परमिशन दिलीय. पाच मिनिटांत अख्खा हॉल तुमचा होतो. का सोडताय?" सर म्हणाले, "हॉल मला पाच मिनिटं लागतो. तात्याला मोंढा रोज लागतो." आणि मग मला म्हणाले, तुझा सेट लिहून आणलाय का? मी आणला नव्हता. विषय संपला.

तर सर उद्या नवीन आयटम घेऊन चाललेत. काही चालतील, काही पडतील. पडले तर सर उभे राहतील, ते त्यांना येतं.

शेवटची एक विनंती आहे, आणि ती माझी एकटीची आहे. थोड्या वेळानं सर सत्काराला उत्तर द्यायला इथे येतील. आपल्याकडे पद्धत आहे, कलाकार माईकवर आला की मागून फर्माईश होते. मला माहितीय तुमच्या सगळ्यांच्या ओठांवर कोणती आहे. प्लीज, आज ती करू नका. दुसरं काहीही मागा, कंडक्टर मागा, जनरेटर मागा. ज्यांना तात्या ऐकायचेत, त्यांनी उद्या सकाळी मोंढ्यात यावं. सोयाबीनची हर्राशी आहे. ओरिजिनल आहेत, तिकीट नाही. सर पण तिथेच असतील, त्यांची गाडी दुपारची आहे. फक्त तात्या दोनवार म्हणून थांबले की तुम्ही पण थांबा. कोणाचा तरी भाव चढत असतो.

मला बोलायची संधी दिली त्याबद्दल कमिटीचे आणि अध्यक्षांचे मनापासून आभार. शेठजी, तुमची जरा जास्तच चेष्टा झाली. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचं पुढे-मागे झालं असेल, एखादा मराठी शब्द चुकीच्या ठिकाणी बसला असेल, तर घरचीच पोरगी आहे म्हणून सांभाळून घ्या. सर, मुंबईला पोचलात की फोन करा. आजी काळजी करतात, आणि आम्ही पण.

नमस्कार. खुदा हाफिज.